महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी आणि कोरीव लेखांचे पुनर्वाचन

प्रस्तावना

इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवरील लेख हजारो वर्षे टिकून राहिले, याचे श्रेय ते कोरणाऱ्या कारागिरांइतकेच तेथील कोरड्या हवेलाही द्यावे लागते. कोकणात लेखांना अशी हवा लाभली नाही. चार महिने कोसळणारा पाऊस, खारा वारा आणि बारीक अक्षर नीट धरून न ठेवणारा जांभा दगड यांमुळे दक्षिण कोकणातील शिलालेखांची संख्या मुळातच अल्प आहे. या भूमीचा प्राचीन इतिहास प्रामुख्याने तांब्याच्या पत्र्यांवर उरला. थडग्यातील लेख मृताचे नाव टिकावे म्हणून कोरला जाई, तर ताम्रपट जिवंत माणसाचा जमिनीवरील हक्क टिकावा म्हणून. त्यामुळे त्याची जपणूकही एखाद्या मौल्यवान दस्तऐवजासारखीच झाली. तो घरात ठेवला गेला, पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित झाला, क्वचित जमिनीत पुरला गेला; आणि लिपी विस्मृतीत गेल्यावरही कोणालाही न वाचता येणारी एक आदरणीय वस्तू म्हणून शिल्लक राहिला.

शांपोलियोंने १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा केला आणि १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने अशोककालीन ब्राह्मी लिपी वाचली. योगायोगाचा भाग असा की, त्याच १८३७ साली मालवण येथे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म झाला. पुढील दीडशे वर्षांत या किनाऱ्याने भारतीय अभिलेखविद्येला अनेक अभ्यासक दिले. त्यांपैकी ज्यांची संपूर्ण हयात कोरीव लेखांच्या वाचनात गेली, ते म्हणजे देवगड तालुक्यातील कुवळे येथे १३ मार्च १८९३ रोजी जन्मलेले महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. मिराशींचे नाव सर्वसामान्य वाचकाला ‘कालिदास’ या ग्रंथामुळे ठाऊक असते. त्यांच्या अभिलेखविषयक कार्याचा उल्लेख मात्र बहुधा ग्रंथांच्या यादीपुरताच होतो. नव्या लेखांच्या संपादनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जुन्या आणि ‘वाचून झालेल्या’ लेखांचे पुनर्वाचन हे त्यांच्या संशोधनाचे खरे बलस्थान होते, हे प्रस्तुत निबंधात काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे पाहावयाचे आहे.

किनाऱ्यावरील पूर्वपरंपरा

मिराशी ज्या तालुक्यात जन्मले, त्याच तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. ‘दर्पण’चे संपादक म्हणून बाळशास्त्री सर्वपरिचित आहेत, परंतु खारेपाटण येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात प्रथम प्रसिद्ध करण्याचे श्रेय त्यांचे आहे, ही गोष्ट वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात झाकली जाते. १८४६ मध्ये बाळशास्त्री अकाली निवर्तले. त्यांच्या वाचनानंतर सुमारे अर्धशतकाने फ्रान्झ कीलहॉर्न यांनी तोच ताम्रपट ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्या खंडात पुन्हा संपादित केला. खारेपाटणचाच दुसरा एक ताम्रपट, अनंतदेव शिलाहाराचा शके १०१६ चा, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८८० मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रकाशित केला.

पेडण्याजवळच्या मांद्रे गावी जन्मलेले भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात अजिंठ्यातील लेखांच्या वाचनाचा पाया घातला. रा. गो. भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तो मुख्यतः अशाच ताम्रपट-शिलालेखांच्या आधारावर. त्यांचे पुत्र देवदत्त रामकृष्ण भांडारकर कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि उत्तर भारतातील अभिलेखांची त्यांनी केलेली सूची आजही हाताशी ठेवावी लागते. या परंपरेचा मिराशींवर थेट संस्कार झाला, असे म्हणण्याचे कारण नाही. ते कुवळे सोडून शिक्षणासाठी कोल्हापूरला आणि तेथून पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेले. मात्र डेक्कन महाविद्यालय ही कीलहॉर्न आणि भांडारकर या दोघांचीही कर्मभूमी होती, आणि संस्कृत पाठाची काटेकोर चिकित्सा ही तेथील शिकवणुकीची ओळख होती. मिराशींनी पुढे दगडावर आणि तांब्यावर जे केले, ते मूलतः पाठचिकित्साच होते.

कुवळे ते नागपूर

काही काळ मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केल्यानंतर १९१९ मध्ये मिराशी नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. नागपूर विद्यापीठ अद्याप स्थापन व्हावयाचे होते. कलकत्ता, मुंबई, पुणे येथे जी ग्रंथालये आणि जे विद्वन्मंडळ होते, त्यांच्या तुलनेत मध्यप्रांतातील एका महाविद्यालयाच्या अध्यापकाजवळ संशोधनाची साधने थोडी होती. परंतु साधनसामग्री थोडी असली, तरी लेख विपुल होते. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील अभिलेखांची सूची रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ मध्ये तयार केली होती. तिच्यातून एवढे तरी स्पष्ट झाले होते की, वाकाटक आणि कलचुरी या दोन मोठ्या राजवंशांची बहुतेक साधने नागपूरपासून काही तासांच्या प्रवासाच्या टप्प्यात पसरलेली आहेत, आणि त्यांतील अनेकांचे शास्त्रशुद्ध संपादन व्हावयाचे आहे.

मिराशी याच महाविद्यालयाचे, आणि पुढे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४१ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली आणि १९७५ मध्ये पद्मभूषण. या मानसन्मानांपेक्षा महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, त्यांचे बहुतांश संशोधन तासिका, परीक्षा आणि प्रशासन सांभाळून झाले. विदर्भ संशोधन मंडळाच्या रूपाने नागपुरात त्यांना सहकाऱ्यांचे एक वर्तुळ लाभले, आणि ‘संशोधन-मुक्तावली’च्या खंडांमधून त्यांनी आपले निष्कर्ष मराठी वाचकांपुढे मांडले. इंग्रजीत प्रसिद्ध केलेले संशोधन मराठीतही आणावे, हा त्यांचा परिपाठ अखेरपर्यंत टिकला. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’, ‘कलचुरि नृपति आणि त्यांचा काल’ हे ग्रंथ त्याचीच फळे होत.

एका नावाची दुरुस्ती

अभिलेखतज्ज्ञाच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी मिराशींच्या कारकिर्दीतील एक प्रसंग तपशिलाने पाहणे उचित ठरेल. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर, डाव्या बाजूच्या भिंतीवर, वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. लेख पद्यात असून त्यात वाकाटक राजांची वंशावळ दिली आहे. पावसापाण्याने त्यातील कित्येक अक्षरे झिजली आहेत. भाऊ दाजींनंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये आणि ब्यूलर यांनी १८८३ मध्ये तो लेख वाचला. प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव झिजलेले होते. ते रुद्रसेन असावे आणि त्याच्या पुढील राजाचे नाव पृथिवीषेण असावे, असे या दोघांनी ठरविले.

त्यांनी असे का ठरविले, हे समजून घेण्यासारखे आहे. चम्मक आणि शिवनी येथील ताम्रपटांवरून वाकाटकांची एक वंशावळ तोपर्यंत ज्ञात झाली होती. तिच्यात पहिल्या प्रवरसेनानंतर त्याचा नातू रुद्रसेन आणि त्यानंतर पृथिवीषेण अशी नावे येत होती. अर्थातच अजिंठ्याच्या भिंतीवरही तीच नावे असणार, अशी वाचकांची अपेक्षा होती. आणि अपेक्षेने अर्धवट अक्षरांची पूर्तता केली. भगवानलाल आणि ब्यूलर हे दोघेही असामान्य योग्यतेचे वाचक होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. डोळ्याला जे दिसते त्यावर मनाला जे ठाऊक असते ते मात करते, आणि हा धोका निष्णात वाचकालाच अधिक असतो, कारण त्यालाच अधिक ठाऊक असते. ही चूक सुमारे साठ वर्षे टिकली, आणि तिच्यावर वाकाटकांच्या इतिहासाच्या अनेक मांडण्या उभ्या राहिल्या.

१९३९ मध्ये वाशीम येथील एक ताम्रपट विदर्भातील स्थानिक संशोधकांनी प्रकाशात आणला. तो दुसऱ्या विंध्यशक्तीचा असून वत्सगुल्म येथून, म्हणजे वाशीमहूनच, त्याच्या राजवटीच्या सदतिसाव्या वर्षी दिलेला आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात, अशी त्याची मिश्र रचना आहे. दान दिलेले गाव नांदीकट, म्हणजे नांदेड, या प्रदेशाच्या उत्तर मार्गावर होते. या पटात पहिल्या प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव स्वच्छ अक्षरांत सर्वसेन असे होते. ज्ञात वंशावळीत या नावाचा राजाच नव्हता. ताम्रपटाच्या अस्सलपणाविषयी शंका घेणे, हा अडचणीतून सुटण्याचा एक सोपा मार्ग उपलब्ध होता, आणि तो काही अभ्यासकांनी घेतलाही.

मिराशींनी हा पट ‘एपिग्राफिया इंडिका’साठी संपादित केला आणि तो हाती असतानाच ते अजिंठ्याच्या लेखाकडे परत वळले. मूळ लेख आणि त्याचे ठसे त्यांनी नव्याने तपासले, तेव्हा जेथे रुद्रसेन वाचले गेले होते तेथे सर्वसेन, आणि जेथे पृथिवीषेण वाचले गेले होते तेथे विंध्यसेन अशी अक्षरे त्यांना मिळाली. हा पाठ त्यांनी १९४१ मध्ये हैदराबाद पुरातत्त्व ग्रंथमालेत स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने मांडला. परिणाम असा झाला की, एका राजवंशाचे दोन राजवंश झाले. पहिल्या प्रवरसेनानंतर राज्य विभागले गेले होते. एक शाखा नंदिवर्धन येथे नांदली आणि दुसरी वत्सगुल्म येथे. अजिंठ्याचे वैभव ज्या हरिषेणाच्या काळात फुलले, तो या दुसऱ्या शाखेचा होता. ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणून अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतून ज्या सर्वसेनाचा नामोल्लेख येत होता, त्यालाही राजवंश, स्थान आणि काल मिळाला. संस्कृत साहित्याचा अध्यापक आणि अभिलेखांचा वाचक या मिराशींच्या दोन भूमिका येथे एकमेकींच्या कामी आल्या.

अजिंठ्याच्या त्याच लेखात वयाच्या आठव्या वर्षी राज्यावर आलेल्या एका राजाचा उल्लेख आहे. त्याचे नाव झिजून गेले आहे. मिराशींनी वंशावळीत ती जागा रिकामीच ठेवली. एखादे सयुक्तिक नाव सुचविणे त्यांच्यासारख्या विद्वानास अवघड नव्हते. सर्वसेनाच्या पाठाइतकेच या रिकाम्या जागेकडेही अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे.

अभिलेखसंग्रहाचे तीन खंड

‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’ ही भारतीय अभिलेखांची सर्वांत प्रतिष्ठित ग्रंथमाला. तिच्या पहिल्या खंडाशी कनिंगहॅम आणि हुल्ट्श, दुसऱ्याशी कोनो आणि तिसऱ्याशी फ्लीट ही नावे निगडित आहेत. त्यानंतरचे चौथा, पाचवा आणि सहावा हे लागोपाठचे तीन खंड मिराशी या एकाच संपादकाचे आहेत. चौथा खंड १९५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात कलचुरी-चेदी संवतातील लेख आहेत. पाचवा, वाकाटकांचा, १९६३ मध्ये आणि सहावा, शिलाहारांचा, १९७७ मध्ये आला.

चौथ्या खंडाचे काम सर्वांत दीर्घ आणि कष्टाचे होते. कलचुरी संवताचा आरंभ इ.स. २४८-४९ च्या सुमारास झाला, हे कीलहॉर्न यांच्या गणिताने ठरत आले होते. मिराशींनी प्रत्येक लेखातील तिथी, वार आणि ग्रहणे पुन्हा पडताळून त्या गणिताचे तपशील निश्चित केले आणि संवताचा उगम नाशिकच्या लेखातील आभीर राजा ईश्वरसेन याच्याशी जोडला. म्हणजे ज्या संवताला मध्य भारतातील एका राजवंशाचे नाव मिळाले, तो मूळचा महाराष्ट्राचा, असे त्यांचे प्रतिपादन. घारापुरीच्या लेण्यांचे कर्तृत्व माहिष्मतीच्या आद्य कलचुरींकडे असावे, हे मतही त्यांनी याच अभ्यासातून मांडले.

या खंडांमधील प्रत्येक लेखाची मांडणी एकाच शिस्तीने केलेली आहे. लेख कोठे आणि कसा सापडला, पूर्वी कोणी वाचला, लिपीची वैशिष्ट्ये, शुद्धलेखनाच्या लकबी, कालगणना, स्थलनामांची ओळख, मूळ पाठ, भाषांतर, आणि पूर्वसूरींचे पाठभेद तळटीपेत. अशा ग्रंथाचे सलग वाचन होत नाही, तो संदर्भासाठीच उघडला जातो. म्हणूनच की काय, त्यामागचे परिश्रम अदृश्य राहतात.

मान्य झालेले आणि न झालेले

मिराशींचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही, आणि त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हे दडविण्याचे कारण नाही. मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे त्यांचे मत १९५९ च्या त्यांच्या पुस्तकात सविस्तर आले. त्याचा मुख्य आधार प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूर ताम्रपट होता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी असलेल्या प्रभावतीने हे दान रामगिरीस्वामीच्या चरणांजवळून दिले आहे. सरगुजातील रामगड हाच रामगिरी, असे मानणाऱ्यांशी मिराशींनी दीर्घ वाद केला. १९८० च्या दशकाच्या आरंभी रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरात वाकाटककालीन लेख उजेडात आला, तेव्हा या स्थानाचे महत्त्व अधिक दृढ झाले. कालिदासाच्या यक्षाचा पर्वत तोच, हे मात्र कोणत्याही शिलालेखाने सिद्ध होण्याजोगे नाही. तेथे अनुमानावरच थांबावे लागते.

दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ही वर्धा जिल्ह्यातील पवनार होय, या मताची गोष्ट निराळी आहे. पवनार येथील आश्रमाच्या परिसरात मिळालेले रामकथेचे शिल्पपट हा त्याचा एक आधार होता. मिराशींच्या निधनानंतर, १९९८ पासून रामटेकलगतच्या मनसर येथे झालेल्या उत्खननांत प्रवरेश्वराचे नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या, आणि हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रवरपूर मनसर येथेच शोधावे असा आग्रह धरला. या ठिकाणी मिराशींचे मत आता पूर्वीच्या बळाने मांडता येत नाही.

हरिषेणाच्या काळाविषयीही असेच घडले. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत विदर्भाच्या राज्याचा जो विनाश वर्णिला आहे, त्यामागे वाकाटकांच्या ऱ्हासाची खरी स्मृती आहे, असे मिराशींनी १९४५ मध्ये दाखवून दिले. वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या लेण्यांचा आपला अल्पकालीन कालक्रम उभारताना ही कल्पना स्वीकारली. मिराशींनी हरिषेणाचा काल स्थूलमानाने इ.स. ४७५ ते ५०० मानला होता. स्पिंक यांनी तो ४६० ते ४७७ असा मागे ओढला. हिस्से-बोराळा येथील देवसेनाचा शके ३८०, म्हणजे इ.स. ४५७-५८, चा लेख १९६० च्या दशकात, पाचव्या खंडाच्या प्रकाशनानंतर उजेडात आला, आणि वाकाटकांच्या कालगणनेला प्रथमच एक निश्चित शकवर्ष मिळाले. सहाव्या शतकानंतर रचलेल्या कथेवर राजकीय इतिहासाचा एवढा भार टाकावा काय, हा प्रश्न मात्र मिराशी आणि स्पिंक या दोघांनाही विचारावा लागेल.

पुन्हा कोकणाकडे

शिलाहारांकडे मिराशी उतारवयात वळले. ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ हा मराठी ग्रंथ १९७४ चा, तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. इंग्रजी खंड आला तेव्हा चौऱ्याऐंशी. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर अशा शिलाहारांच्या तीन शाखा. त्यांपैकी दक्षिण कोकणची शाखा सर्वांत आधीची, आणि तिच्याविषयीची साधने सर्वांत थोडी. अवसर तिसरा याचा शके ९१० चा पट्टणकुडी ताम्रपट, आणि रट्टराजाचे शके ९३० व ९३२ चे दोन पट, एवढ्यावरच अडीचशे वर्षांचा इतिहास तोलून धरावा लागतो.

यांतील शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा, कीलक संवत्सरातील ताम्रपट तोच, जो बाळशास्त्री जांभेकरांनी प्रथम वाचला होता. त्याच्या आरंभी शिलाहारांची नव्हे, तर राष्ट्रकूटांची वंशावळ आहे. राष्ट्रकूटांचे साम्राज्य ९७३ मध्ये तैलपाने बुडविले होते. पस्तीस वर्षांनंतरही कोकणातील हा मांडलिक जुन्या धन्यांची नावे आधी घेतो, मग चालुक्यांची आणि शेवटी आपली. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील प्रदेश कृष्णराजाच्या कृपेने मिळविणारा सणफुल्ल हा मूळपुरुष; बलिपत्तन वसविणारा धम्मियर त्याचा पुत्र; आणि चंद्रपूर येथे, म्हणजे गोव्यातील चांदर येथे, नारळाच्या पाण्याने ज्याचा अभिषेक झाला तो ऐयपराज. शहाळ्याच्या पाण्याचा राज्याभिषेक कोकणच्या राजालाच शोभावा! बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असे अनेक अभ्यासक मानतात. वाघोटण खाडीच्या आत, समुद्रापासून सुरक्षित अंतरावर असलेले हे ठिकाण व्यापारी बंदरास अनुकूल होते, यात संशय नाही.

दान दिले आहे ते अव्वेश्वराच्या मंदिरासाठी, मत्तमयूर संप्रदायाच्या एका शैव आचार्याला. येथे मिराशींच्या पूर्वीच्या परिश्रमांचे फळ दिसते. हाच मत्तमयूर संप्रदाय त्रिपुरीच्या कलचुरींच्या आश्रयाने बिल्हारी, गुर्गी आणि चंद्रेहे येथे भरभराटीस आला होता, आणि ते सर्व लेख मिराशींनी चौथ्या खंडात संपादित केले होते. जबलपूरच्या परिसरातील मठ आणि कोकणच्या खाडीवरील मंदिर एकाच आचार्यपरंपरेने जोडलेली होती, हे ज्याच्या टेबलावर दोन्ही प्रदेशांचे लेख आले होते, त्याला सहज दिसण्यासारखे होते.

रट्टराजाच्या दोन पटांमध्ये केवळ दोन वर्षांचे अंतर आहे. पहिल्यात चालुक्य सम्राट सत्याश्रय याचा अधिपती म्हणून उल्लेख आहे. दुसऱ्यात कोणत्याही अधिपतीचे नाव नाही. या अनुल्लेखावरून रट्टराजाने चालुक्यांचे जू झुगारले असावे, असे अनुमान मिराशींनी केले. १०२४ च्या मिरज ताम्रपटात चालुक्य जयसिंहाने सात कोकणांच्या अधिपतींचे सर्वस्व हरण केल्याचे म्हटले आहे, आणि रट्टराजानंतर या शाखेचा एकही लेख मिळत नाही. तीन पटांची ही संगती पटण्याजोगी आहे. अर्थात, अनुल्लेख हा पुरावा नेहमीच दुर्बल असतो.

मिराशींच्या दृष्टीची एक मर्यादाही याच ताम्रपटाच्या संदर्भात लक्षात येते. वंश, काल आणि स्थलनिश्चिती यांना त्यांच्या विवेचनात जितके स्थान मिळाले, तितके दानाच्या तपशिलाला मिळाले नाही. वस्तुतः खारेपाटणच्या पटाचा तो भाग अत्यंत बोलका आहे. परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण आणि कंदलमूलीय येथून येणाऱ्या गलबतामागे एक धरण देवस्थानास द्यावा. चेमुल्य आणि चंद्रपूर ही बंदरे वगळावीत, असे त्यात म्हटले आहे. देवाच्या सेवेसाठी दासी, तेली, माळी, कुंभार आणि परीट यांची कुटुंबेही नेमून दिली आहेत. ही कुटुंबे कोणाच्या इच्छेने आणि कोणत्या अटींवर तेथे राहिली, याविषयी पट मूक आहे. अनंतदेवाच्या शके १०१६ च्या पटात ठाणे, सोपारा, चौल या बंदरांत येणाऱ्या आपल्या अमात्यांच्या गलबतांना जकात माफ केली आहे. रणवीर चक्रवर्ती यांच्यासारख्या नंतरच्या इतिहासकारांनी या तरतुदींवरून कोकणच्या किनारी व्यापाराचे चित्र उभे केले. मात्र त्यांना ते करता आले, ते विश्वसनीय पाठ हाती असल्यामुळे.

मिराशींचे संशोधन सहाव्या खंडानेही थांबले नाही. १९७९ मध्ये सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावरील त्यांचा मराठी ग्रंथ आला, आणि अखेरच्या वर्षांत हरिषेणाचा थाळनेर येथील ताम्रपट त्यांनी प्रसिद्ध केला. ज्या राजाच्या मंत्र्याचा लेख त्यांनी चार दशकांपूर्वी अजिंठ्याच्या भिंतीवर नव्याने वाचला होता, त्याच राजाचे हे दानपत्र होते. ३ एप्रिल १९८५ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वी चार वर्षे, १ मे १९८१ रोजी, रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला होता. सहावा खंड त्याआधीचा असल्यामुळे, त्यात खारेपाटणच्या ताम्रपटांचे प्राप्तिस्थान शोधू पाहणाऱ्याला ते रत्नागिरी जिल्ह्यातच सापडते.